आत्याची ‘संध्याकाळ’ : जुन्या जलरंगातल्या समुद्रचित्राचं काय करावं?

ओहोटी :

मंडळी, चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आत्याचं घर आवरताना जलरंगातलं एक चित्र माझ्या वाट्याला आलं. साधारण १४ इंच रुंद, १० इंच उंच. ओहोटी लागलेला किनारा (आयडीशी काही संबंध नाही!), वाळूवर एका कुशीला कललेली होडी, तिच्यापाशी टोपल्या घेतलेल्या दोन बायका, डाव्या हाताला उंच कडा आणि पार लांबवर एक शीड. वर सगळीकडे गुलाबी आभाळ. घरात लहानथोर सगळे त्याला ‘संध्याकाळ’च म्हणायचे. "संध्याकाळच्या खाली चावी टांगली आहे" असं आत्या म्हणाली की नव्या माणसाची पंचाईत व्हायची. तिची आरामखुर्ची त्या चित्रासमोर असे. चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर निदान चाळीस वर्षं होतं. त्याआधी ते कुठे होतं, कुणी आणलं, हे सांगायला आता कुणी उरलं नाही.

उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन इंग्रजी अक्षरं आहेत, ‘ई. एच.’ असावीत, आणि पुढे ७८. आभाळात मोहरीएवढे तपकिरी ठिपके पडलेत. माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) आतल्या कडेने बदामी रेघ उमटली आहे. मागे चिकटवलेला खाकी कागद फाटलाय, त्यातून लाकडी फळ्या दिसतात.

तर हे हाताने काढलेलं आहे की छापील? कुणाचं असेल? डाग जातील का? मोल कसं ठरवायचं? भाऊ म्हणतो विकून टाक. वहिनी म्हणते जरा पुसून, रंग उजळून घे, मग विक. मला विकायचंच आहे असं नाही, पण ते माझ्या हातून बिघडू नये एवढं नक्की.

फोटो जोडले आहेत.

खडूस :

फोटो दिसत नाहीयेत. नेहमीप्रमाणे.

ओहोटी :

परत चढवले. आता बघा.

घासाघीस :

दिसले. छान आहे. सरळ विचारतो, किती येतील?

भिंगरी :

घासाघीस, थांबा की हो. आधी चित्र आहे की छपाई ते तरी कळू द्या.

ओहोटी, दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं. काचेवरूनच आभाळाचा कोपरा बघा. रांगेत बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर छापील, विषय संपला. मात्र ठिपके नाहीत म्हणजे चित्र खरंच, असंही नाही. जुन्या कोलोटाइप छपाईत ठिपके नसतात, अळ्या वळवळल्यासारखं बारीक जाळं असतं. दगडी छापाच्या रंगीत प्रतींत हाताने मारल्यासारखे वेडेवाकडे ठिपके असतात आणि ते भल्याभल्यांना फसवतात.

हाताने लावलेल्या जलरंगाच्या खुणा निराळ्या. कागद खडबडीत असेल तर रंगाचे कण त्याच्या खळग्यांत बसलेले दिसतात, उंचवटे फिके राहतात. रंगाचा ओला हात वाळताना रंग कडेला सरकतो, म्हणून प्रत्येक डागाला बारीक गडद काठ येतो. चहाच्या कपाचा ओघळ वाळल्यावर येतो तसाच. आणि रंगाखालून पेन्सिलीच्या रेघा डोकावतात, कधी चित्रकाराने मन बदललेलंही दिसतं.

आता खास समुद्रासाठी एक. खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या बाजूने अगदी आडवा धरा आणि लाटांवरचा पांढरा चमचमाट बघा. जुने लोक पुष्कळदा फेसासाठी पांढरा रंग वापरतच नसत. रंग वाळला की चाकूच्या टोकाने कागद खरवडून खालचा पांढरा काढत. तसं असेल तर तिथे कागदाची लव उभी राहिलेली दिसेल. छपाईत हे येणं शक्य नाही.

ओहोटी :

भिंगरी, काल रात्री घरातले सगळे दिवे घालवून बसले. टॉर्च आडवा धरल्याबरोबर दिसलं! लाटांच्या ओळीवर आठ-दहा बारीक ओरखडे, आणि त्यांच्या कडांना कापसासारखी लव. होडीच्या कण्याखालून पेन्सिलीची दुसरी रेघ जाते, म्हणजे होडी आधी आणखी कललेली होती. चाळीस वर्षं हे नुसतं भिंतीवर होतं आणि मी एकदाही जवळ जाऊन पाहिलं नव्हतं.

शंकासुर :

मग काम सोपं झालं. काच काढा, शिळ्या पावाचा गर हलक्या हाताने फिरवा, मळ निघतो. ठिपक्यांवर कपड्याच्या ब्लीचचं पाणी कापसाच्या बोळ्याने लावा. आमच्या काकांनी असंच केलं होतं, कागद पांढराशुभ्र झाला.

कागदकिडा :

ओहोटी, कृपा करून वरचं काहीही करू नका. जुन्या कागदांची दुरुस्ती हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांपैकी बरेचसे अशा घरगुती उपायांनंतरच येतात.

शंकासुर, पावाची रीत जुनी आहे हे खरं, पण त्याचे कण आणि तेलकटपणा कागदाच्या तंतूंत राहतो आणि मग बुरशी, कसर यांची सोय होते. ब्लीच तर त्याहून वाईट. क्लोरीन कागदाच्या तंतूंची ताकद खातं. त्या दिवशी कागद पांढराशुभ्र दिसतो, काही वर्षांनी पिवळा पडून पापडासारखा मोडतो. जलरंग नुसता डिंकात कालवलेला असतो, पाणी लागलं की तो उठतो. म्हणजे डाग काढायला जाल आणि आभाळ निघून येईल. तुमच्या काकांचा कागद आज कसा आहे, एकदा बघून सांगा.

त्या ठिपक्यांना आमच्यात ‘फॉक्सिंग’ म्हणतात. कागदातले लोखंडाचे सूक्ष्म कण, बुरशी, ओल, यांपैकी काय कुठे कारणीभूत आहे हे डाग पाहिल्यावरही चटकन सांगता येत नाही. हवा कोरडी ठेवली की ते वाढायचे थांबतात. थांबले की निम्मं काम झालं. दिसण्यापुरते फिके करायचे असतील तर ते कागदाच्या संवर्धकाचं काम, घरी नाही.

बदामी रेघ म्हणजे माउंटचा चटका. जुने माउंट स्वस्त लाकडी लगद्याचे, आतून आम्लधर्मी. चित्र दिसण्यासाठी माउंटमध्ये खिडकी तिरकी कापली की तो गाभा उघडा पडतो आणि चित्राला लागून वर्षानुवर्षं आम्ल सोडत राहतो. मागच्या फळ्याही तेच करतात. पाठीवर गडद पट्टे दिसले तर घाबरू नका. दोन फळ्यांच्या फटीतून हवा आणि धूळ आत येते, आणि फट जिथे तिथे पट्टा उमटतो. लाकडाची गाठसुद्धा जशीच्या तशी उठलेली मी पाहिली आहे.

माझ्या मते पहिलं काम किमतीचं नाहीच. ते माउंट आणि त्या फळ्या चित्रापासून लांब करणं हे पहिलं काम.

चौकट :

+१ कागदकिडा. मी फ्रेमा करतो, त्यामुळे आमच्या जमातीची पापं मला ठाऊक आहेत. स्वतःच्याच घरातलं सांगतो. आजोबांचं एक रेखाचित्र वडिलांनी एका दुकानात फ्रेमला दिलं होतं. त्याने ते सपाट राहावं म्हणून सरसाने प्लायवुडवर चिकटवलं. दहा वर्षांत कागद तपकिरी झाला आणि दमट हवेत प्लायवुड फुगलं तेव्हा मधोमध तडकला. संवर्धक म्हणाला, सोडवता येईल, पण त्याला महिने लागतील आणि खात्री देणार नाही. ते अजून तसंच आहे. मी फ्रेमिंग शिकलो ते त्या रागातून.

ओहोटी, कुठल्याही फ्रेमवाल्याकडे गेलात तर एकच प्रश्न विचारा : "चित्र माउंटला कशाने धरून ठेवणार?" उत्तर ‘टेप’ किंवा ‘गम’ आलं तर चित्र काखेत घ्या आणि निघा. बरोबर उत्तर असं : जपानी कागदाच्या दोन बारीक बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ, आणि तीही फक्त वरच्या कडेला. कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी जखडला तर बिचाऱ्याने जायचं कुठे? मग लाटा येतात किंवा फाटतो. वरून टांगलेला असला की मोकळा श्वास घेतो. शिवाय ही खळ पुढे कधीही पाण्याने सुटते. सेलोटेपचा चिकटा कागदात मुरतो, तिथे कागद तेलकट, पारदर्शक दिसू लागतो, आणि तो डाग बहुतेक वेळा जन्माचा.

नाखवा :

मी चित्रकार नाही, अर्धं आयुष्य बोटीवर गेलं. एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितो. ही संध्याकाळ नाही.

फोटो मोठा करून बघा. दोन्ही बायकांच्या सावल्या त्यांच्या पायापाशीच आहेत, आखूड आणि पुसट. सूर्य मावळतीला असता तर त्या सावल्या होडीच्याही पलीकडे गेल्या असत्या. ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब पडतं, तेही बघा. आभाळ एवढं गुलाबी आणि वाळू मात्र राखाडी? मी असं कुठल्याच किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. लांबचं शीडही गुंडाळून अर्धं केलंय. वारं चांगलं असताना अर्धं शीड कोण ठेवील? पुढे दर्या खवळणार आहे असं वाटल्याशिवाय नाही.

खडूस :

नाखवा, चित्रकाराला एवढं कुठलं कळतंय. कल्पनेतलं असेल.

नाखवा :

होडीची दोरी ज्याने बरोबर खुंटावर बांधलेली काढली आहे, त्याला सावली कळत नव्हती? मला पटत नाही.

कागदकिडा :

नाखवा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मला शंका होती, पण नुसत्या फोटोवरून बोलायचं धाडस होत नव्हतं.

जुन्या जलरंग चित्रकारांची ढगांसाठी एक ठरलेली जोडी होती : इंडिगो, म्हणजे आपली नीळ, आणि त्यात थोडा इंडियन रेड किंवा लाइट रेड. दोन्ही मिळून सुंदर करडा रंग होतो, पावसाळी ढगाचा. लोचा असा की लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, आपल्या गेरूच्या जातीचा, त्याला उजेडाने काही होत नाही. नीळ मात्र वनस्पतीपासूनची, ती उजेडात विटते. वर्षं जातात, निळा उडून जातो, लाल तेवढा मागे राहतो. मग वादळी आभाळ गुलाबी दिसायला लागतं. जुन्या समुद्रचित्रांतल्या कितीतरी ‘रम्य संध्याकाळी’ अशा आहेत.

वाळूचा राखाडी कशाचा आहे ते माहीत नाही, पण तो टिकलाय म्हणजे त्यात नीळ नसावी.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच गाजला होता. इंग्लंडमध्ये जलरंग विटतात की नाही यावर वर्तमानपत्रांतून एवढी भांडणं झाली की सरकारी खात्याने रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांना कामाला लावलं. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून महिनोन् महिने उन्हात ठेवल्या. काही नळ्यांत कोरडी हवा, काहींत दमट, काहींतली हवा काढून टाकलेली. त्यांचा अहवाल १८८८ साली आला. दमट हवेत विटणं सगळ्यांत जास्त, हवा काढलेल्या नळीत बहुतेक रंग जवळजवळ होते तसे. म्हणजे उजेड एकटा गुन्हेगार नाही, त्याला ओल आणि हवेची साथ लागते.

ओहोटी, ताडून बघायची एकच जागा आहे : माउंटखाली झाकला गेलेला चित्राचा काठ. तिथे उजेड पोचलेला नसतो.

ओहोटी :

अंगावर काटा आला वाचताना. उघडू का मग? कसं उघडायचं तेवढं नीट सांगा.

कागदकिडा :

उघडू शकता, घाई केली नाहीत तर. आधी पुढचे-मागचे फोटो. टेबलावर स्वच्छ मऊ चादर, चित्र पालथं. पाण्याचा ग्लास, चहा, पेन यांतलं काहीही टेबलावर नको, पेन्सिल चालेल. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी कागदाची कड जाणवत नाही. मागचा खाकी कागद कापून काढा पण टाकू नका, त्यावर लेबल, नंबर, खडूची खूण, काहीही असेल तर ते पुरावे आहेत. खिळे सांडशीने सरळ ओढा, उचकटू नका. फळ्या एकेक करून उचला.

आता महत्त्वाचं. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा, सगळं परत झाका आणि संवर्धकाकडे न्या. माउंटला चिकटवलेला असेल तरी ओढू नका. माउंटची मोकळी बाजू किंचित उचलून खाली डोकावा, तेवढंच.

जुनाबाजार :

उघडताय तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. लिलावाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सुचवतो.

एक, कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली गिरणीची खूण, दिसतं का. इंग्लिश कागदांवर १७९४ नंतर गिरणीच्या नावाबरोबर साल घालायची पद्धत पडली. ‘व्हॉटमन’ हे त्यातलं सगळ्यांत नामांकित नाव. पण सालाचा अर्थ एवढाच की चित्र त्याच्या आधीचं नाही. कागद वीस वर्षं कपाटात पडून मग वापरला गेला असेल, आणि त्या नावाची नक्कलही झालेली आहे.

दोन, जांभळा उजेड देणारी अतिनील टॉर्च मिळाली तर अंधारात दोन-चार सेकंदच मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात १९५० च्या सुमारापासून यायला लागली. म्हणजे ७८ हे १९७८ ठरेल! नाही चमकला तर जुना असण्याची शक्यता वाढली, सिद्ध मात्र काहीच झालं नाही. पांढरा रंग पिवळट हिरवा चमकला तर तो जस्ताचा. जलरंगात तो १८३४ पासून ‘चायनीज व्हाइट’ नावाने विकला जाऊ लागला.

सहीबद्दल. ‘ई. एच.’ अक्षरांचे चित्रकार ढिगाने सापडतील. कोशात अक्षरं जुळणारं मोठं नाव शोधून काढायचं आणि आपलं चित्र त्याला नेऊन चिकटवायचं, हा रोग मी शेकड्याने पाहिला आहे. उलट्या दिशेने चला : होडी, कडा, हात कुणाचा वाटतो ते आधी, अक्षरं शेवटी. भिंगातून हेही बघा की पेन्सिल तपकिरी डागाच्या खाली आहे की वर. डागावरून गेलेली सही नंतर कुणीतरी ‘उपकार’ म्हणून केलेली असते.

ओहोटी :

(चार दिवसांनी)

उघडलं. भाऊ आणि वहिनी दोघंही श्वास रोखून उभे होते. वहिनीने फोटो काढले, ते जोडलेत.

कागद काचेला चिकटला नव्हता. माउंटला फक्त वर दोन ठिकाणी जुन्या पोस्टाच्या तिकिटांचे पांढरे काठ डिंकाने लावलेले! खालची बाजू मोकळी होती. मी पोस्टकार्डाने अलगद उचललं आणि भावाने टॉर्च धरला.

आभाळाच्या वरच्या काठाला जेमतेम पाव इंचाची पट्टी आहे. निळी नाही, गुलाबी तर नाहीच नाही. पाटीच्या दगडासारखी करडी-निळी, आणि डावीकडे कड्याच्या वर जवळजवळ काळपट. माउंटच्या रेघेपाशी तो रंग असा कापल्यासारखा थांबतो आणि खाली गुलाबी सुरू होतो.

नाखवा, तुम्ही जिंकलात. तिथे वादळ आहे. त्या बायका घाईने टोपल्या उचलताहेत, आम्ही आजवर त्यांना रमतगमत घरी जाताना बघत होतो.

बाकीचं : पाठीवर दोन आडवे तपकिरी पट्टे, अगदी फळ्यांच्या फटींवर. जलचिन्हाची ‘टमन’ एवढीच अक्षरं आणि खाली १८७, पुढचा आकडा कापला गेलाय. खालच्या कडेला पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं, पण कागद फ्रेमच्या मापाचा करायला कुणीतरी कात्री चालवली आहे, अक्षरांचे फक्त वरचे शेंडे उरलेत. सही डागाच्या खाली आहे. टॉर्चने कागद चमकला नाही.

नाखवा :

जिंकलो वगैरे काही नाही हो. शीड अर्धं करणाऱ्याला ठाऊक होतं, एवढंच.

जुनाबाजार :

कात्रीचं वाचून वाईट वाटलं. ते नुकसान मोलात मोजलं जाईल. अक्षरांच्या शेंड्यांचा आडव्या उजेडात मोठा फोटो काढून ठेवा, कधी कधी त्यावरूनही शब्द लागतो.

घासाघीससाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच : मोल एक नसतं. विम्यासाठी काढतात तो आकडा वेगळा, कारण चित्र गेलं तर तसंच दुसरं दुकानातून घ्यायला काय पडेल हे त्यात धरतात. वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी काढतात तो बाजारातला, बहुधा बराच कमी. लिलावाचा अंदाज म्हणजे दोन आकड्यांमधली जागा, तीही कमिशन कापायच्या आधीची. कुणाकडेही गेलात तर आधी सांगा कशासाठी हवंय. लेखी घ्या. त्यात माप, माध्यम, स्थिती, सही, तारीख आणि तुलनेला घेतलेली विक्री हे असायला हवं. चित्राच्या किमतीवर टक्केवारीने फी मागणारा नको, आणि मोल सांगता सांगता "मीच घेतो" म्हणणारा तर मुळीच नको.

स्थितीच्या रकान्यात ‘आभाळाचा निळा रंग विटलेला’ असं प्रामाणिकपणे लिहिलं जाईल. विटलेलं चित्र कमी मोलाचं ठरतं. गुलाबी आवडणारं गिऱ्हाईक भेटतं हेही खरं, पण त्याला सांगूनच विकावं.

शंकासुर :

काकांचा कागद बघितला. पिवळा पडलाय. कोपरा हातात आला. शब्द मागे घेतो.

घासाघीस :

मग पुन्हा निळा रंग मारून घ्या की वरून. पट्टी आहेच नमुन्याला.

कागदकिडा :

नाही. मूळ चित्रावर कुणाचाही नवा हात नको. जे उडालं ते कुणी परत आणू शकत नाही, वर रंग मारला की खालचं उरलेलंही झाकलं जातं. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरच्या १८८७ सालच्या एका जलरंगात आभाळ आज जवळजवळ पांढरं दिसतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने उरलेले रंगाचे कण तपासले, ते मावळतीचे तांबडे निघाले. त्यांनी चित्राला हात लावला नाही, संगणकावर मूळ रंगांची प्रतिमा करून शेजारी दाखवली. ओहोटीने तसंच करावं. चांगल्या उजेडात फोटो, पट्टीवरून रंग जुळवून एक छापील प्रत.

ओहोटी :

हे आवडलं. एक विचारू का? नवा माउंट करताना खिडकी थोडी मोठी ठेवली तर ती करडी पट्टी दिसत राहील. येणाऱ्याला दाखवता येईल, बघा आधी असं होतं.

चौकट :

फ्रेमवाला म्हणून मोह मलाही झाला. पण दाखवायला काढलीत की ती पट्टीही विटायला सुरुवात होणार.

कागदकिडा :

अगदी. तो एकमेव साक्षीदार आहे, त्याला उन्हात उभा करू नका. आकडेच सांगतो. संग्रहालयं जलरंगाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड देत नाहीत. रोज दहा तास, वर्षभर, एवढा उजेड मिळाला तर बेरीज होते १,८२,५०० लक्स-तास. भर उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. म्हणजे दोन तास ऊन लागलं की संग्रहालयातलं अख्खं वर्ष खर्ची पडलं. आणि ही रक्कम जमा होत जाते, रात्री अंधारात ठेवलं म्हणून परत मिळत नाही. अतिनील किरण अडवणारी काच जरूर लावा, पण ती घातली की निर्धास्त झालो असं समजू नका. दिसणारा उजेडही विटवतोच.

डब्लिनच्या नॅशनल गॅलरीकडे इंग्लिश चित्रकार टर्नरचे ३१ जलरंग आहेत, हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाने १९०० साली मृत्युपत्राने दिलेले. त्याची अटच होती की ते फक्त जानेवारीत दाखवावेत, कारण तिथे तेव्हा सूर्य सगळ्यांत मंद. बाकीचे अकरा महिने ते पेटीत. म्हणून शंभराहून जास्त वर्षांनंतरही त्यांचे रंग शाबूत आहेत.

तुमच्यासाठी : आम्लमुक्त सुती बोर्डाचा नवा माउंट, काच आणि कागद यांत अंतर, पाठीला तसाच बोर्ड. हवेतला दमटपणा ४० ते ५५ टक्क्यांत राहील अशी जागा. ६५ च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, बाहेरची ओल येणारी भिंत नको. टांगलंच तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ते ओघळून आत जातं.

अनुस्वार :

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही एक ‘गुलाबी’ समुद्र आहे. आजच माउंटखाली डोकावते.

खडूस :

मीही सावल्या बघत बसलोय घरातल्या सगळ्या चित्रांच्या. बायकोला वाटतंय डोकं फिरलं.

ओहोटी :

(महिन्याभराने)

धागा वर काढते, कारण काही जणांनी निरोपातून विचारलं.

चित्र संवर्धकाकडे जाऊन आलं. पोस्टाच्या तिकिटांचे काठ काढले, ते एका पाकिटात घालून परत दिले. धूळ कोरड्या स्पंजने काढली, पाणी लावलं नाही. ठिपके तसेच ठेवले, ती म्हणाली ते आता वाढत नाहीत आणि नीळ जिथे थोडीफार उरली आहे तिथे ओलं काम करायची तिची इच्छा नाही. मोल लेखी घेतलं, विम्याचं आणि बाजारातलं असं दोन्ही. आकडे इथे लिहीत नाही, घासाघीस, माफ करा. एवढं सांगते की ते वाचून भावाने विकायचा विषय आपणहून सोडला. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघाला म्हणून की कमी, ते तुम्ही ठरवा. चित्रकार अजून ‘ई. एच.’च आहे.

मूळ चित्र आता सपाट पेटीत, कपाटात. करडी पट्टी माउंटखालीच. छापील प्रती दोन केल्या : एक आहे तशी, एक पट्टीवरून रंग जुळवलेली. आत्याच्या घरी कुठली लावायची यावर घरात दोन तट पडले. वहिनी म्हणते वादळाची, कारण ती खरी. भाऊ म्हणतो, आत्या चाळीस वर्षं ज्याच्यासमोर बसली ती संध्याकाळ, तीच लावायची.

अजून काहीच लावलेलं नाही. काल मोजमाप घ्यायला गेले होते. चित्र होतं तिथे भिंतीवर चौकोन उमटलाय, गडद हिरवा. आम्ही सगळे त्या खोलीला ‘पिवळी खोली’ म्हणत आलो.